रिकाम्या पारड्याचं वजन

आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस बटाट्यांवरून वाद घालण्यात गेला. बाबांनी सकाळी बटाटे आणले, घरच्या तराजूत घालून पाहिले, आणि ते कमी भरले. बाबा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्ती ही त्यांच्या मते पगाराच्या बाबतीतली गोष्ट होती, नजरेच्या बाबतीतली नव्हती. ते पिशवीसकट दुकानात परत गेले आणि तासाभराने विजयी चेहऱ्याने घरी आले.

"मिळाला का कमी पडलेला बटाटा?" आईने विचारलं.

"काटा दुरुस्त करून दिला त्याला. स्प्रिंग ढिली पडली होती. फार आभार मानले बिचाऱ्याने."

"आणि बटाटा?"

बाबा थांबले. बटाटा राहिलाच होता. पिशवीही राहिली होती.

"मग आता काट्याची भाजी करू का?" आई म्हणाली. मी हसले. बाबा रागावून वर्तमानपत्राच्या मागे गेले आणि तिथून बराच वेळ ग्राहकांच्या कृतघ्नतेबद्दल बोलत राहिले. दुपारचा चहा झाला, दारावरची बेल वाजली, आणि त्यानंतर आमच्याकडे साधा दिवस आला नाही.

दारात वरच्या मजल्यावरच्या सिस्टर होत्या. सरकारी इस्पितळात आयुष्य काढलेल्या, त्यामुळे सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणते. हातातला फोन त्यांनी थर्मामीटरसारखा डोळ्यांपासून लांब धरला होता.

"भाऊ, हे जरा बघा हो. मी बिघडले आहे की हे यंत्र?"

यंत्राचं नाव 'मतसोबती'. निवडणूक जवळ आली होती, आणि आपण कोणाला मत द्यावं याचा सल्ला देणारी ही सोय फोनवर आली होती. तीस प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग कुठला पक्ष तुमच्या विचारांच्या किती जवळ आहे ते टक्क्यांत कळतं. काही प्राध्यापकांनी ती चांगल्या हेतूने बनवली होती, आणि सरकारने ती इतक्या हौसेने उचलून धरली होती की तेव्हाच कोणालातरी शंका यायला हवी होती.

"एक्याऐंशी टक्के सरकार पक्ष!" सिस्टर म्हणाल्या. "मी जन्मात कधी त्यांना मत दिलं नाही."

हे ऐकताच आई उठली आणि तिने खिडकी लावली. त्यात विशेष काही नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी पाहुणे आले की पंखा लावतात, आमच्याकडे खिडकी लावतात.

"मग याही वेळी देऊ नका," आई हळूच म्हणाली.

"असं कसं? मी आयुष्यभर पेशंटना सांगत आले, तुम्हाला काय वाटतं ते ठेवा बाजूला, थर्मामीटर काय म्हणतो ते बघू. आता मीच कुठल्या तोंडाने म्हणू की मला ताप नाही?" त्या खुर्चीत टेकल्या. "माझं मेलीचं मत आतल्या आत बदललं असेल, आणि मला पत्ताच नाही. या खेपेला त्यांनाच देते मत. यंत्राला काय पडलंय खोटं बोलायचं?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळी दुकानात निघताना होतं तसंच काहीतरी उजळलं.

"टक्के दाखवतं ना? म्हणजे मोजमाप झालं. आणि मोजमाप असेल तर ते तपासता येतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं.

कुठल्याही काट्याची पहिली तपासणी शून्याची. पारड्यात काहीच ठेवायचं नाही आणि काटा कुठे उभा राहतो ते बघायचं. बाबांनी स्वतःचा फोन घेतला, चष्मा पुसला, आणि तीसच्या तीस प्रश्नांना 'माझे काहीही मत नाही' असं उत्तर दिलं. यंत्राने क्षणभर विचार केला, निदान तसं नाटक केलं, आणि निकाल दिला. सरकार पक्ष, सत्तर टक्के.

बाबा उभेच राहिले. "रिकामं पारडं! आणि सत्तर!"

"बसून बोला," आई म्हणाली. "रक्तदाब काय मोजायचा राहिलाय?"

मग त्यांनी सगळ्याला 'पूर्ण सहमत' घातलं. एक्याण्णव. मग सगळ्याला 'पूर्ण असहमत'. त्यात पिण्याचं पाणी स्वच्छ असावं आणि मुलांनी शाळेत जावं हेही आलं. निकाल, अडुसष्ट.

"म्हणजे मुलांना शाळेत पाठवू नका, गटाराचं पाणी पाजा, असं मी म्हणालो तरी अडुसष्ट टक्के त्यांचाच!" हे ते इतक्या आनंदाने म्हणाले की सिस्टरही हसल्या. निरीक्षकाला चोख काटा सापडला तर समाधान वाटतं, खोटा सापडला तर तरुण झाल्यासारखं वाटतं.

मी वाचनालयात काम करते. बारीक अक्षरातलं वाचणं ही माझी खोड आहे. यंत्राच्या तळाशी एक लांबलचक टीप होती, ती मी वाचली. सरकार पक्षाने प्रत्येक प्रश्नाला 'बऱ्याच अंशी सहमत' असं उत्तर दिलं होतं. कर कमी करावेत, बऱ्याच अंशी सहमत. कर वाढवून दवाखाने बांधावेत, बऱ्याच अंशी सहमत. दुसऱ्या पक्षाच्या कचेरीला सील असल्यामुळे त्यांची उत्तरं आली नव्हती. तिसऱ्याचे नेते तुरुंगात होते, आणि तुरुंगातून आलेली उत्तरं ग्राह्य नव्हती. चौथ्याने वकिलाच्या सल्ल्याने सगळीकडे 'मत नाही' लिहिलं होतं. ज्यांचं उत्तर नाही किंवा मत नाही त्यांचे गुण शून्य.

"म्हणजे तसं पाहिलं तर कोणी काटा मारलेला नाही," मी बाबांना म्हटलं. "दुसऱ्या पारड्यात ठेवायला काही उरलेलं नाही, इतकंच."

"पोरी, दुसरं पारडंच काढून टाकलं की त्याला काटा मारणंच म्हणतात. फक्त ही आळशी लोकांची पद्धत."

प्रकरण इथे संपलं असतं. पण आमच्या इमारतीला एक सेक्रेटरी आहेत. मतसोबतीचा निकाल सोनेरी चौकटीत, फोटोसकट छापता यायचा. सेक्रेटरींनी आपले चौऱ्याण्णव टक्के छापून खालच्या सूचनाफलकावर लावले. पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना त्यासाठी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी तिथे आणखी दोन चौकटी आल्या, मग तो फलक एखाद्या शिकवणी वर्गाच्या जाहिरातीसारखा दिसायला लागला. ज्यांनी काही लावलं नव्हतं त्यांना जिन्यात विचारणा होऊ लागली, अगदी प्रेमाने, "तुमचा निकाल नाही लागला अजून?" दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना सत्त्याहत्तर पडले होते. ते दिसले की लोक एकदम चपला शोधायला लागायचे. त्यांनी उत्तरं सुधारून पुन्हा परीक्षा दिली आणि अठ्ठ्याऐंशी आणले. मग सगळे त्यांच्याशी बोलायला लागले.

आणि गंमत अशी की तेही खरंच तसं बोलायला लागले. आधी गुण आले, मग मत आलं. सिस्टर तर मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "बरं झालं बाई, एकदाचं कळलं. इतकी वर्षं उगाच उलट्या दिशेने पोहत होते."

यामुळे बाबा पेटले. एका फोनवरच्या तीन चाचण्यांनी अहवाल होत नाही, नमुना मोठा हवा, असं त्यांनी जाहीर केलं. यंत्र सुरुवातीला वय, व्यवसाय आणि घर क्रमांक विचारायचं. त्यावरून निकाल बदलतो का, हे त्यांना बघायचं होतं. मी सुचवलं की मनाने काहीही भरा.

"खोटी माहिती भरून खरी तपासणी होत नाही," बाबा म्हणाले. सगळ्या आयुष्यात त्यांनी केलेली सगळ्यात मोठी चूक ती हीच, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. ते दारोदार गेले. "तुमचं वय आणि व्यवसाय तेवढा वापरू का? मत तुमचं नको, ते मी माझं घालीन." बाबांनी प्रत्येकाच्या घरचा काटा कधी ना कधी फुकट नीट करून दिलेला होता, त्यामुळे कोणी नाही म्हणालं नाही. सेक्रेटरीही म्हणाले, "घाला की भाऊ, सरकारचंच काम आहे." मग बाबांनी इमारतीतल्या प्रत्येक घराच्या नावे, आपल्या एकाच फोनवरून, आपल्याच क्रमांकाने, शाळेला विरोध केला, पाण्याला विरोध केला, आणि मग उलट करून दोन्हीला पाठिंबा दिला. कशानेही काटा सरकार पक्षावरून हलला नाही.

अहवाल त्यांनी खात्याच्या जुन्या भाषेत लिहिला. "सदर उपकरण शून्य चाचणीत अनुत्तीर्ण. वापरातून तात्काळ काढून सीलबंद करावे." तो निवडणूक कचेरीकडे रवाना केला. इतक्यावर थांबतील तर ते बाबा कसले. खोट्या काट्यावर निरीक्षकाने खूण करून ठेवायची असते, नाहीतर पुढचं गिऱ्हाईक फसतं. त्यांनी लाल कागदावर 'नापास' लिहिलं आणि खाली जाऊन सूचनाफलकावरच्या पहिल्या चौकटीला चिकटवलं. ती चौकट सेक्रेटरींची होती.

"भाऊ, माझ्या चौऱ्याण्णववर तुम्ही नापास लावलंत?"

"तुम्हाला नाही हो, काट्याला."

"फोटो कोणाचा आहे पण? काट्याचा?"

बाबांनी चष्मा लावून फोटो पाहिला. ते म्हणाले, पुढच्या वेळी कोपऱ्यात लावीन.

फोनवर नोटीस आली ती 'मतसुसंगती कक्षा'कडून. असा कक्ष आहे हे आम्हाला नोटिशीवरूनच कळलं. "एकाच इसमाची अनेक परस्परविरोधी मते आढळून आल्याने खुलाशासाठी समक्ष हजर राहावे." आई देवासमोर बसल्यासारखी फोनसमोर बसून राहिली. बाबांना मात्र बोलावल्याचं काही वाटलं नाही, लागला तो एकच शब्द.

"इसम? अगं, मी राजपत्रात नाव छापून आलेला माणूस. इसम!"

कक्ष म्हणजे एक लांब खोली, भिंतीला टेकून बाक, समोर काचेच्या खिडक्या. मी रजा घेऊन सोबत गेले. पहिल्या खिडकीने सांगितलं, तुमची मतं एकापेक्षा जास्त आहेत, दुसरीकडे जा. दुसरी म्हणाली, इथे फक्त मत नसलेल्यांचं बघतो. तिसऱ्या खिडकीवरचे जेवायला गेले होते. बाबांनी तोवर खिडक्यांवरचे क्रमांक उलटसुलट लागलेत हे शोधून काढलं आणि शिपायाला सांगितलं. शिपाई म्हणाला, "माहीत आहे, पण आता लोकांना सवय झाली."

शेवटी एका अधिकाऱ्याने आत घेतलं. मऊ आवाजाचा, दमलेला माणूस होता. त्याने एक छापील मजकूर पुढे सरकवला: यंत्र बरोबर आहे, माझी समजूत चुकली.

"मी नोकरीत एकदाही न तपासता शिक्का मारलेला नाही," बाबा म्हणाले.

"इथे तपासून झालेलं आहे, साहेब. शिक्काच तेवढा राहिलाय."

"कोणी तपासलं?"

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. "पुढच्या आठवड्यात या," तो म्हणाला.

असे बरेच आठवडे आम्ही गेलो. दरम्यान निवडणूक होऊन गेली. मतसोबतीचा अंदाज अगदी तंतोतंत खरा ठरला, याबद्दल वर्तमानपत्रांनी यंत्राचं कौतुक केलं. त्यानंतरही कक्ष बंद झाला नाही. मतं देऊन झाली तरी ती सुसंगत असायला हवीत, असं म्हणाले. बाबा डबा घेऊन जायचे. बाकावर आता त्यांची ओळख झाली होती, लोक त्यांना जागा धरून ठेवायचे. घरी आल्यावर ते पूर्वीसारखे चिडत नसत, आणि ते मला आवडत नव्हतं.

एका मंगळवारी मी त्यांच्यासाठी पाणी आणायला बाहेर गेले. परत आले तेव्हा बाबा भिंतीला डोकं टेकून बसले होते, चष्मा नाकावर घसरलेला. शेजारचे गृहस्थ मला हळू आवाजात म्हणाले, "झोपलेत, उठवू नका. त्यांचा नंबर आत्ताच पुकारला होता, पण फार गाढ लागलीय."

खिडकीतल्या माणसाने नियमाप्रमाणे तीनदा पुकारलं होतं, आणि नियमाप्रमाणेच त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं होतं.

लोक भेटायला आले. सगळे चांगलं वागले. सेक्रेटरींनी गाडीची व्यवस्था केली, सिस्टर आईजवळ झोपल्या. बाबांचा फोन तेवढा वाजत राहायचा. मतसोबती विचारायची, "आपला अनुभव कसा होता?" मी तो बंद करायला घेतला की आई म्हणायची, राहू दे, वाजू दे.

मग एके दिवशी दुपारी सेक्रेटरी आणि सिस्टर दोघं एकत्र आले. एरवी ते एका जिन्यातून चढत नाहीत. दोघांच्या हातात तशीच नोटीस होती, आणि घराघरांत आली होती. बाबांनी भरलेलं प्रत्येक वय, प्रत्येक व्यवसाय, प्रत्येक घर क्रमांक खरा होता. त्यामुळे प्रत्येक घराला आता दोन मतं होती.

"ताई, माझे चौऱ्याण्णव आहेत," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आणि भाऊंनी माझ्या नावे पाण्याला विरोध करून ठेवलाय. मुलगा सरकारी नोकरीत आहे हो माझा."

"त्यांनी मुद्दाम नाही केलं," सिस्टर म्हणाल्या.

"मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. चुकीचा घर क्रमांक तरी घातला असता!"

वारस म्हणून मलाही पत्र आलेलं होतं. मी सही केली की यंत्र बरोबर ठरणार होतं, बाबांची समजूत चुकलेली ठरणार होती, आणि सगळ्यांच्या नोटिसा रद्द होणार होत्या. नाहीतर सगळी इमारत त्या बाकावर.

"करून टाका, ताई," सेक्रेटरी म्हणाले. "त्यांना आता काय फरक पडतोय?"

आई आतून बाहेर आली. तिने सगळ्यांना चहा दिला. मला म्हणाली, "तुला पटेल ते कर." आयुष्यात पहिल्यांदाच तिने खिडकीकडे पाहिलं नाही.

मी एकटी गेले. तोच अधिकारी होता. तो उठून उभा राहिला, म्हणाला, "फार वाईट झालं," आणि ते त्याला खरंच वाटत होतं. मग बसून त्याने तोच छापील मजकूर काढला.

"यावर सही नाही करणार मी," मी म्हणाले. "त्या सगळ्या चाचण्या होत्या. त्यातलं एकही मत शेजाऱ्यांचं नाही. तसं मी लिहून देते."

त्याला आश्चर्य वाटलं नाही. तो बराच वेळ नियमाचं पुस्तक चाळत राहिला. मला वाटतं त्यालाही काही रस्ता सापडावा असं वाटत होतं.

"एक करता येईल," तो म्हणाला. "सगळ्या चाचण्या म्हणून नोंदवतो. शेजारी सुटतील. अहवालही तसाच राहील, कोणी वाचणार नाही, पण राहील. फक्त त्या फोन क्रमांकावर एक तरी खरं मत लागतं. त्याशिवाय प्रकरण बंद होत नाही. वडिलांचं मत काय होतं?"

मी विचार केला. इतक्या चाचण्या केल्या त्यांनी, पण त्यात स्वतःचं वजन एकदाही ठेवलं नव्हतं. निरीक्षकाने आपण कुठल्या दुकानातून घेतो ते सांगायचं नसतं, असं ते म्हणत. मला कळून चुकलं की मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

"त्यांचं मला सांगता येणार नाही."

"मग तुमचं चालेल. वारसाचं चालतं." त्याने पेनाचं टोपण काढलं होतं आणि तो लिहायला लागलाही होता. "सरकार पक्षच लिहितो ना? सगळे तेच लिहितात."

"नाही," मी म्हणाले. "मला हे सरकार नको आहे."

पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं. ते उघडं होतं, बाहेर बाकावर माणसं बसलेली होती.

"मला नीट ऐकू आलं नाही, मॅडम," तो अगदी हळू, जवळजवळ विनवणी केल्यासारखा म्हणाला. "खरंच ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा विचार करून सांगा."

हा भला माणूस होता. तो मला सुटकेचं दार दाखवत होता, आणि मला ते दिसत होतं. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारत होते.

मी खुर्चीवरून उठले, म्हणजे बाकापर्यंत ऐकू जावं.

"मला हे सरकार नको आहे," मी म्हणाले.